पत्नीच्या इमिग्रंट व्हिसासाठी जन्मदाखला सापडत नाही, पोलीस दाखला रखडला आहे. पुढे काय करावे?

दूरस्थ

नमस्कार. मी अमेरिकेचा नागरिक असून न्यू जर्सीत राहतो. डिसेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यात माझे लग्न झाले. लग्नाची नोंद लगेच केल्यामुळे ‘नमुना ई’ मधील विवाह प्रमाणपत्र हाताशी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी पत्नीसाठी आय-१३०, म्हणजे नात्याच्या आधारे इमिग्रेशनची याचिका, असा अर्ज केला. तो जून २०२५ मध्ये मंजूर होऊन प्रकरण एनव्हीसीकडे, म्हणजे न्यू हॅम्पशायरमधील नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेले आणि जुलैमध्ये त्यांचे पत्र आले. व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीपत्राचे १२० डॉलर भरले, डीएस-२६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज सादर केला, माझे आय-८६४ हमीपत्र आणि करविवरणेही स्वीकारली गेली. घोडे अडले आहे ते पत्नीच्या कागदपत्रांपाशी.

तिचा जन्म १९९४ चा आहे. पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून तिच्या वडिलांच्या गावाचे नाव आहे. तेथील ग्रामपंचायतीत सासरेबुवांनी १९९३ पासून १९९६ पर्यंतच्या नोंदवह्या दोनदा पाहून घेतल्या, परंतु नोंद नाही. ‘नोंद नाही’ हेही ते तोंडीच सांगतात, लेखी देण्यास तयार नाहीत. म्हणून आम्ही शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजी भाषांतरासह जोडला होता, तो एनव्हीसीने जन्मदाखला म्हणून नाकारला. त्याच वेळी पत्नीने शहर पोलिसांकडून घेतलेले चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रही नाकारले गेले. त्यानंतर तिने पासपोर्ट सेवा केंद्रात पोलीस क्लिअरन्ससाठी (पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणाऱ्या पोलीस दाखल्यासाठी) अर्ज केला, त्याला आता दहा आठवडे होतील. ती नोकरीनिमित्त पुण्यात राहते. अर्जात मात्र पासपोर्टवरचा गावाचाच पत्ता दिला. पोलीस पडताळणीसाठी गावी गेले, ती तेथे भेटली नाही, आणि अहवाल प्रतिकूल गेला असे आता कळते.

याखेरीज २०१८-१९ मध्ये ती दहा महिने दुबईत नोकरीला होती. तेथील पोलीस दाखला भारतातून कसा मिळवावा याचा शोध घेण्यातही आमचा बराच वेळ गेला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. या सगळ्याला विलंब झाला तर एनव्हीसी प्रकरण बंद करते का? गावातील एका गृहस्थांनी ‘उशिराची जन्मनोंद करून देतो, तुम्ही फक्त आधार कार्ड द्या’ असे सुचवले आहे, तो मार्ग योग्य आहे का? आणि पोलीस दाखला रखडलेलाच आहे, तर या वेळेत पासपोर्टवर लग्नानंतरचे नाव लावून घ्यावे, अशी घरच्यांची इच्छा आहे. ते आता करावे की नंतर?

पैलतीर

दूरस्थ, आपल्या यादीतील एक कागद प्रथम काढून टाकते, म्हणजे ओझे थोडे हलके होईल. दुबईचा पोलीस दाखला आपल्याला लागत नाही. पूर्वी वास्तव्य केलेल्या देशाचा दाखला तेव्हाच लागतो, जेव्हा वयाच्या सोळाव्या वर्षानंतर त्या देशात बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ वास्तव्य झालेले असते. सहा महिन्यांची अट आहे ती स्वतःच्या नागरिकत्वाच्या देशासाठी आणि सध्या राहत असलेल्या देशासाठी. या दोन अटींची गल्लत पुष्कळांची होते. अपवाद एकच: कोठेही अटक झाली असेल, तर तेथे किती दिवस राहिलो याला महत्त्व नसते, त्या ठिकाणचा दाखला द्यावाच लागतो. डीएस-२६० मध्ये मात्र दुबईचे दहा महिने पत्त्यांच्या आणि नोकऱ्यांच्या रकान्यांत लिहिलेले असलेच पाहिजेत. तेथे ते राहून गेले असतील, तर तेवढी दुरुस्ती करून घ्या.

भारताच्या पोलीस दाखल्याबद्दल. कोणत्या देशाचा कोणता कागद चालतो याची सूची अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने देशवार प्रसिद्ध केलेली आहे, आणि भारतासाठी तीत पासपोर्ट कार्यालयाने दिलेला पोलीस क्लिअरन्सच ग्राह्य धरलेला आहे. शहर पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र खासगी नोकरीसाठी, सुरक्षा रक्षकांसाठी वगैरे उपयोगी पडते. येथे त्याचा उपयोग नाही. आपण आता योग्य दारात उभे आहात, फक्त पत्ता चुकीचा दिला गेला. अर्जात सध्याचा पत्ता म्हणून पुण्याचाच पत्ता असायला हवा होता, कारण पडताळणी माणूस प्रत्यक्ष जेथे राहतो तेथे होते. पत्नीने पासपोर्ट कार्यालयातील चौकशीची वेळ घेऊन स्वतः जावे, नोंदणीकृत भाडेकरार आणि नोकरीच्या ठिकाणचे पत्र दाखवावे आणि पुण्याच्या पत्त्यावर पुन्हा पडताळणी करण्याची लेखी विनंती करावी. १८००-२५८-१८०० या निःशुल्क क्रमांकावर अर्जाची स्थिती कळते. निर्णय मात्र कार्यालयातच होतो. नव्याने अर्ज करा असे सांगितले, तर वाद घालत बसू नये: शुल्क ५०० रुपये आहे आणि सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट केंद्रांतही हा अर्ज करता येतो, त्यामुळे वेळ लवकर मिळण्याची शक्यता वाढली आहे. हा दाखला व्हिसाच्या कामासाठी दोन वर्षे चालतो, म्हणून तो लवकर मिळाला तरी वाया जाण्याची भीती नाही. वैद्यकीय तपासणीचे याच्या अगदी उलट आहे. तिची मुदत साधारण सहा महिने असते आणि व्हिसाची मुदतही तिच्याशीच बांधलेली असते. म्हणून मुलाखतीची तारीख हाती येईपर्यंत त्या वाटेला जाऊ नये.

मुदतीबद्दल आपल्याला वाटते तितकी घाई नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातील कलम २०३(जी) प्रमाणे सूचना मिळाल्यापासून एक वर्षभर अर्जदाराने काहीच हालचाल केली नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. विलंब आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे दोन वर्षांच्या आत दाखवून दिले, तर ती पुन्हा सुरूही होऊ शकते. आपले पत्र जुलै २०२५ चे आहे आणि आपण त्यानंतर शुल्क भरले, अर्ज केला, कागद सादर केले. म्हणजे हालचाल चालूच आहे. तरीही एनव्हीसीच्या चौकशी अर्जातून दोन-चार ओळींचे निवेदन पाठवून ठेवावे, त्यात कोणता कागद कोणत्या कार्यालयाकडे कोणत्या तारखेपासून प्रलंबित आहे एवढेच लिहावे, आणि त्यांच्या उत्तराची प्रत जपून ठेवावी. भावनिक मजकूर त्यात नको. तो वाचणाऱ्यालाही नको असतो.

एक सूचना मात्र आग्रहाने करते. कागद एकेक करून सादर करू नका. दर वेळी सादर केले की प्रकरण तपासणीच्या रांगेत शेवटी जाते. दोन्ही कागद पूर्ण होईपर्यंत थांबणे एरवी वेळखाऊ दिसते, पण एकंदर हिशेबात तेच लवकर होते.

नाव बदलण्याचा विचार सध्या पूर्णपणे बाजूला ठेवा. भारतीय पासपोर्टवर लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती नाही. आज नाव बदलले तर नवा पासपोर्ट, नव्या नावाने नवा पोलीस दाखला आणि एनव्हीसीकडे दुरुस्ती, अशी तीन कामे आपण होऊन ओढवून घ्याल. घरच्यांना सांगा की सूनबाईंचे नाव पत्रिकेत बदललेले आहे, तेवढे तूर्त पुरे.

मी हे सर्व अधिकारवाणीने सांगत असले तरी माझी स्वतःची मुलाखत २०२३ मध्ये मुंबईत झाली, तेव्हा मराठी विवाह प्रमाणपत्राचे भाषांतर न्यायला मी विसरले होते. वांद्रे-कुर्ला संकुलातील त्या खिडकीतून मला २२१(जी) ची, म्हणजे कागद अपुरे असल्याची, चिठ्ठी मिळाली, भाषांतर देईपर्यंत व्हिसा थांबला, आणि दोष संपूर्णपणे माझा होता. भाषांतराखाली भाषांतरकाराने ‘भाषांतर अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात’ अशा अर्थाचे निवेदन स्वाक्षरीसह द्यावे लागते, हेही तेव्हाच कळले.

नोंदवही

मी ग्रामसेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. अमेरिकेच्या कायद्यातील मला काही कळत नाही. त्या बाजूचे वर उत्तम सांगितलेले आहे. मी फक्त नोंदवहीबद्दल बोलतो.

दूरस्थ, आपण सारे गाव धुंडाळले, पण एक प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. आपल्या पत्नीचा जन्म प्रत्यक्षात कोठे झाला? ती पहिले अपत्य असेल तर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे बाळंतपण आईच्या माहेरी झाले असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि जन्माची नोंद वडिलांच्या गावी नव्हे, तर जन्म जेथे झाला त्या गावी होते. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, तेव्हापासून हाच नियम आहे. पुढे मुलगी सहा वर्षांची झाल्यावर वडील तिला आपल्या गावच्या शाळेत घालतात, गुरुजी जन्मस्थळाच्या रकान्यात त्याच गावाचे नाव लिहितात, त्या दाखल्यावरून पासपोर्ट होतो, आणि पंचवीस-तीस वर्षांनी लोक त्या गावच्या ग्रामपंचायतीत नोंद शोधत बसतात. असे लोक माझ्या टेबलासमोर कितीतरी वेळा येऊन बसलेले आहेत. माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असे: ‘आजोळ कोणते?’

शोध कसा घ्यावा हेही सांगतो. मुलीच्या नावाने शोधू नये. जन्माची खबर बहुधा आजोबा किंवा मामा देत, तेव्हा बारसेही झालेले नसे, त्यामुळे बालकाच्या नावाचा रकाना रिकामा राहिलेला असतो. आईचे नाव कधी सासरचे तर कधी माहेरचे लिहिलेले असते, कारण खबर देणाऱ्याच्या तोंडी तिचे माहेरचेच नाव असते. म्हणून आधी तारीख पाहावी, मग वडिलांचे नाव, मग आईची दोन्ही नावे. जन्मतारखेच्या मागेपुढे निदान वर्षभराची पाने उलटावीत. खबर उशिरा दिली तर नोंद पुढच्या महिन्यात सापडते. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल, तर मग मागेपुढे दोन वर्षे पाहा. जूनच्या प्रवेशासाठी वय बसावे म्हणून अनेक पिढ्यांचे वाढदिवस गुरुजींनी त्या एका तारखेवर आणून ठेवले आहेत.

नोंद खरोखरच नसेल, तर ‘नाही’ हे तोंडी ऐकून परत येऊ नये. शोधासाठी लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. नोंद नसल्याचे लेखी देण्यासाठी नमुना क्रमांक १० ठरलेला आहे, त्याला अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात. जन्मदाखला नमुना ५ मध्ये मिळतो, तसाच हाही रीतसर शासकीय कागद आहे, उपकार नव्हे. अर्जावर तारीख आणि पोच असली की महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करण्याची वाटही मोकळी होते. पोच नसेल तर अपिलात दाखवणार काय?

आता त्या गृहस्थांविषयी. जन्मानंतर एक वर्ष उलटले की जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३ खाली दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. पूर्वी हा अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होता, २०२३ च्या दुरुस्तीने तो जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. बनावट दाखल्यांच्या तक्रारी वाढल्यामुळे २०२५ च्या सुरुवातीपासून महाराष्ट्रात या नोंदींची छाननी कडक झालेली आहे. केवळ आधार कार्डावर कोणी जन्मनोंद ‘करून देतो’ म्हणत असेल, तर तो एकतर पद्धत जाणत नाही, किंवा फारच चांगली जाणतो. आणि जन्म दुसऱ्या गावी झालेला असताना या गावी झाल्याची नोंद करून घेणे म्हणजे खोटे कथन आहे. अशा कागदावर संसार उभा करू नये.

पैलतीर

नोंदवही यांच्या शेवटच्या मुद्द्याला अमेरिकेच्या बाजूने जोड देते. व्हिसासाठी खोटा कागद जाणूनबुजून दिल्याचे सिद्ध झाले, तर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२ खाली कायमची अपात्रता येते. तिच्यातून माफीचा मार्ग आहे, पण तो दीर्घ आणि अनिश्चित आहे. जन्मदाखला नसणे ही मात्र अपात्रता नाही. अनुपलब्धता प्रमाणपत्र, आई-वडिलांची किंवा जन्माच्या वेळची प्रत्यक्ष माहिती असणाऱ्या जवळच्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आणि शाळेचा जुना दाखला, असा संच दिला की काम चालते. आपला शाळेचा दाखला नाकारला गेला, कारण तो एकटा होता. त्याच्यापुढे अनुपलब्धता प्रमाणपत्र असते, तर तोच दाखला पूरक पुरावा ठरला असता.

दूरस्थ

आपणा दोघांचे मनापासून आभार. नोंदवही यांचा प्रश्न मी त्याच रात्री सासूबाईंना दूरध्वनीवर विचारला, तेव्हा त्या अत्यंत सहजपणे म्हणाल्या की बाळंतपण माहेरीच झाले, घरातच झाले, सुईण अमुक होती, आणि त्या दिवशी पाऊस इतका होता की ओढ्याला पाणी येऊन रस्ता बंद झाला होता. गेले चार महिने आम्ही कागदासाठी वणवण करत असताना आपण हे का सांगितले नाही, असे मी विचारले, तर म्हणाल्या, ‘मला कोणी विचारलंच नाही.’ ते खरेच आहे. सगळी धावपळ पुरुष मंडळी करत होती.

त्यांचे माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यात आहे. म्हणजे नोंद असलीच तर कर्नाटकात. माझी पंचाईत आता दुहेरी झाली आहे: शोध कोठे घ्यावा हे कळत नाही, आणि नोंद सापडली तर पासपोर्टवरचे जन्मस्थान चुकीचे ठरते. जन्मतारीख १ जून नाही, एवढाच दिलासा.

सीमावासी

मी निपाणी भागातलाच आहे, म्हणून लिहितो. पहिली गोष्ट म्हणजे निपाणी हा स्वतंत्र तालुका २०१८ मध्ये झाला. १९९४ मध्ये ती खेडी चिकोडी तालुक्यात मोडत होती. त्यामुळे निपाणीत ‘इतके जुने काही नाही’ असे ऐकावे लागले, तर तेथे थांबू नका, चिकोडीला जा. माझ्या भावाच्या जन्माची नोंदवही आम्हाला चिकोडीच्या तहसील कार्यालयातच मिळाली होती.

दुसरे असे की महाराष्ट्रात खेड्यातील जन्मनोंद ग्रामसेवकाकडे असते, तशी त्या काळी इकडे ग्रामपंचायतीकडे नसे. ती महसूल खात्याच्या ग्राम लेखापालाकडे असे, ज्यांना आमच्याकडे जुनी माणसे अजूनही तलाठीच म्हणतात. जन्म निपाणी शहरातील दवाखान्यात झाला असता तर नगरपालिकेत नोंद असती, पण आपल्या सासूबाई घरी बाळंत झाल्या आहेत, म्हणजे वाट महसूल खात्याचीच. नोंदवही कन्नडमध्ये असेल आणि नावे कानडी वळणाने लिहिलेली असतील, म्हणून कन्नड वाचता येणारे कोणी तरी बरोबर न्या. आमच्याकडे ‘पाटील’ सहज ‘पाटीला’ होतात आणि आडनावाच्या जागी गावाचे नाव येऊन बसते. केवळ मराठी डोळ्यांनी पान पाहिले तर नोंद समोर असूनही दिसणार नाही. दाखला कन्नडमध्येच मिळाला तर त्याचेही इंग्रजी भाषांतर लागेलच.

मामा अजून गावात असतील तर त्यांनाच पाठवा. बाहेरच्या माणसाने विचारलेले आणि गावच्या माणसाने विचारलेले, यांत तलाठ्याच्या कचेरीत आजही फरक पडतो.

कागदी घोडा

जन्मस्थान चुकीचे असल्याचे कळल्यावर पासपोर्ट दुरुस्त न करता पुढे जाणे मला धोक्याचे वाटते. नोंद सापडली की त्या आधारे पासपोर्ट पुन्हा काढून घ्यावा, मग पोलीस दाखला घ्यावा, म्हणजे तिन्ही कागद एकाच सुरात बोलतील. माझ्या चुलतभावाच्या प्रकरणात दोन कागदांवर वेगवेगळी गावे होती आणि मुलाखतीच्या वेळी त्याला बराच खुलासा करावा लागला. चार-सहा महिने लागले तरी चालतील, पण संशयाला जागा ठेवू नये.

पैलतीर

कागदी घोडा यांचे म्हणणे चुकीचे नाही, परंतु या प्रकरणात मी वेगळा सल्ला देईन. चुलतभावांना खुलासा करावा लागला, म्हणजे तो स्वीकारलाही गेला असणार. जन्मतारखेचा फरक असता तर मीही पासपोर्ट आधी दुरुस्त करा असेच म्हटले असते, कारण तारीख हा ओळखीचा पाया आहे. येथे फरक गावाचा आहे, देश एकच आहे, आणि ग्रीन कार्डावर जन्माचा देश छापला जातो, गाव छापले जात नाही. पासपोर्ट पुन्हा काढायचा म्हणजे पुन्हा पोलीस पडताळणी आणि पुन्हा त्याच क्लिअरन्सचा अर्ज. ज्या कामात दहा आठवडे अडकून पडला आहात, तेच काम दोनदा करणे आहे.

माझ्या मते डीएस-२६० मध्ये जन्मस्थान खरे ते लिहावे. अर्ज सादर झालेला असल्याने तो दुरुस्तीसाठी पुन्हा उघडून देण्याची विनंती एनव्हीसीला करता येते, किंवा मुलाखतीच्या वेळी अधिकाऱ्याला सांगून दुरुस्ती करता येते. मी असते तर पहिला मार्ग धरला असता. सोबत आई-वडिलांच्या प्रतिज्ञापत्रात एक स्पष्ट परिच्छेद घालावा: जन्म आईच्या माहेरी झाला, शाळेत वडिलांच्या गावाचे नाव लिहिले गेले, आणि पासपोर्टवर तेच उतरले. अधिकाऱ्यांना भारतातील अशा प्रकारांची चांगली सवय आहे. खरी गोष्ट आपण होऊन सांगितलेली असली की ती विसंगती राहत नाही, खुलासा होतो. पासपोर्टची दुरुस्ती पुढे त्याच्या मुदतीनुसार सावकाश करावी.

जाता जाता एक. आपल्या लग्नाला येत्या डिसेंबरात दोन वर्षे पूर्ण होतात. पत्नी त्यानंतर अमेरिकेत दाखल झाली, तर तिला दोन वर्षांचे सशर्त कार्ड न मिळता थेट दहा वर्षांचे मिळेल आणि पुढे अटी काढण्यासाठीचा आय-७५१ अर्ज करावा लागणार नाही. व्हिसावर चुकून सीआर-१ (सशर्त) असा प्रकार छापून आला, तर विमानतळावर उतरताच अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवून आयआर-१ (बिनशर्त) करून घ्यावे. या विलंबातून निघणारा हा एकमेव नफा आहे, तो तरी पदरात पाडून घ्या.

दूरस्थ

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. मामासासरे स्वतः चिकोडीला दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेस नोंद सापडली. नोंदवही यांनी वर्तवल्याप्रमाणे बालकाच्या नावाचा रकाना रिकामा आहे, आईचे नाव माहेरचे आहे, खबर देणारे म्हणून आजेसासऱ्यांचा अंगठा आहे. जन्मतारीख पासपोर्टवरील तारखेशी तंतोतंत जुळते. वडिलांचे नाव बरोबर आहे, आडनावाच्या जागी मात्र त्यांच्या गावाचे नाव आहे. पत्नीला त्या पानाचे छायाचित्र पाठवले, तेव्हा तिने बराच वेळ केवळ तो अंगठाच मोठा करून पाहिला, असे ती म्हणाली. तिने आजोबांना पाहिलेले नाही.

पोलीस दाखल्याचेही मार्गी लागले आहे. पासपोर्ट कार्यालयाने भाडेकरार पाहून पुण्याच्या पत्त्यावर पुन्हा पडताळणी पाठवली. पोलीस ठाण्यात बोलावून जबाब झाला आणि आता स्थितीत अहवाल अनुकूल असल्याचे दिसते. डीएस-२६० पुन्हा उघडून मिळाला असून त्यात जन्मस्थान आणि दुबईचे दहा महिने दोन्ही दुरुस्त केले आहे.

आता शेवटचा प्रश्न रिकाम्या नावाचा. त्या रकान्यात पत्नीचे नाव घालून घेण्यासाठी थांबावे का?

नोंदवही

नोंद सापडली याचा आनंद वाटला. अंगठा असलेली नोंद ही फार चांगली नोंद असते. तो माणूस स्वतः चालत जाऊन खबर देऊन आलेला असतो.

नावासाठी थांबू नये. जन्मनोंदीत बालकाचे नाव पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. जुन्या नोंदींसाठी ही मुदत वेळोवेळी वाढवलेली आहे, पण ते राज्याराज्यांच्या आदेशांवर अवलंबून असते आणि कर्नाटकातील आदेशांवर मी बोलणे बरोबर नाही. मामांनी तेथेच चौकशी करावी. मुदत चालू असेल आणि काम आठ-पंधरा दिवसांत होणार असेल, तर करून घ्यावे. नसेल, तर नाव नसलेला दाखला आहे तसाच घ्यावा आणि प्रतिज्ञापत्रात आई-वडिलांनी लिहावे की अमुक दिनांकास अमुक नोंदणी क्रमांकाने नोंदलेले स्त्री अपत्य म्हणजेच आमची कन्या अमुक होय. नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचा दिनांक शब्दशः उतरवावा, कारण प्रतिज्ञापत्राला त्या पानाशी बांधणारा धागा तेवढाच आहे. आईची माहेरची आणि सासरची दोन्ही नावे त्यात एका ओळीत यावीत, आणि वडिलांच्या आडनावाच्या जागी गावाचे नाव का आले, तेही एका वाक्यात लिहावे.

मामांना सांगा, साक्षांकित प्रती दोन घ्या आणि खिडकी सोडण्यापूर्वी दाखल्यावरचे प्रत्येक अक्षर मूळ पानाशी ताडून पाहा. नोंदवहीत बरोबर असलेले नाव दाखल्यावर उतरवताना चुकते, आणि मग ती चूक सुधारायला पुन्हा चिकोडीची खेप पडते. मूळ दाखला टपालाने पाठवू नये. मामांनी तो पुण्याला स्वतः नेऊन मुलीच्या हातात द्यावा. मुलाखतीला तोच न्यायचा आहे.